वाहतुकीचे उत्पन्न मोजले. ओझे वाहणाऱ्याचे काय?

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर राज्य शासन ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ विधिमंडळात मांडते. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या या अहवालात शेती, कारखाने, बांधकाम यांच्या जोडीला वाहतूक, साठवण, दळणवळण व प्रसारण सेवा असा एक गट असतो. वृत्तपत्रे वाढीची टक्केवारी छापतात आणि विषय संपतो. पण न्हावा-शेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामात आणि तिथून दुकानात जो माल जातो, तो कोणाच्या तरी पाठीवरून जातो. हमाली आणि ड्रायव्हरकी करणारी घरे आपल्या वस्त्यावस्त्यांत आहेत. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, हे चळवळीने समजून घेतले पाहिजे.

यात एकूण उलाढाल मोजत नाहीत, मूल्यवृद्धी मोजतात. समजा, एका ट्रकला भाडे मिळाले पन्नास हजार. डिझेल, टायर, टोल, दुरुस्ती, विमा यांत पस्तीस हजार गेले. उरलेले पंधरा हजार ही मूल्यवृद्धी. तेवढेच राज्याच्या उत्पन्नात धरले जातात. आता या पंधरा हजारांत ड्रायव्हरचा पगार आहे, क्लीनरची मजुरी आहे, सावकाराचे किंवा बँकेचे व्याज आहे, गाडीची झीज आहे आणि मालकाचा नफाही आहे. ड्रायव्हरच्या हातात दहा हजार पडोत की तीन हजार, राज्याचा आकडा पंधरा हजारच राहतो! उत्पन्न वाढले म्हणजे मजुरी वाढली, हा समज म्हणूनच फसवा आहे.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या पद्धतीची. मोठ्या कंपन्यांचे हिशेब कागदावर असतात. रेल्वेचे उत्पन्न केंद्र काढते आणि राज्यांना वाटून देते. पण टेम्पोवाला, हातगाडीवाला, नाक्यावरचा हमाल यांचा हिशेब कोण ठेवतो? २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत असंघटित भागाचा अंदाज नमुना पाहणीतून काढला गेला. कामगार किती आणि दर माणशी सरासरी मूल्यवृद्धी किती, यांचा गुणाकार केला गेला. पुढील वर्षांचे आकडे वाहनसंख्येसारख्या निर्देशकांवर पुढे सरकवले गेले. गाड्या वाढल्या की उत्पन्न वाढले असे धरायचे. गाडीवरच्या माणसाची कमाई घटली तरी ते या गणितात दिसत नाही. स्वतःचा टेम्पो स्वतः चालवणाऱ्याची मजुरी आणि नफा तर ‘मिश्र उत्पन्न’ या एकाच खात्यात जातात. तो मालक की मजूर, हे आकडा सांगत नाही.

तिसरी गोष्ट. साखर कारखाना किंवा सिमेंट कंपनी स्वतःच्या ट्रकमधून स्वतःचाच माल नेते, तेव्हा ते काम वाहतुकीत धरले जात नाही. कारखानदारीत विरून जाते. काम तेच, घाम तोच, पण रकाना वेगळा.

नोंद झाली की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाची नोंदणी मंडळात होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आला. कालपर्यंत कोणाच्याही वहीत नसलेला माणूस हक्कदार झाला. आज घरोघरी पार्सल पोहोचवणारा तरुण पुन्हा त्याच जुन्या जागी उभा आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याची व्याख्या आली. व्याख्येने पोट भरत नाही.

आणि जातीचे काय? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले होते. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळावर राबतो, पण त्याला साधे पोर्टरही होता येत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरकामही करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो, हे त्यांनी दाखवून दिले. रेल्वेचे उत्पन्न किती, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्या रेल्वेत आपला माणूस कोणत्या पायरीवर आहे, हा होता.

तोच प्रश्न आजच्या आकड्यांना विचारला पाहिजे. माहिती नाही, ही सबब चालणार नाही. २०१७-१८ पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमबल पाहणीत कामगाराचा उद्योगही नोंदवतात आणि कुटुंबाचा सामाजिक प्रवर्गही. दोन रकाने शेजारी ठेवून तक्ता करायला कोणी अडवलेले नाही. तेव्हा आमदारांनी सभागृहात आणि संघटनांनी निवेदनांतून मागणी करावी: वाहतूक व साठवण क्षेत्राच्या मूल्यवृद्धीत मजुरीचा वाटा किती, नफ्याचा किती आणि कोणत्या पायरीवर कोणता समाज, हे आर्थिक पाहणीत छापा. राज्याचे उत्पन्न वाहून नेणाऱ्याला त्यातला आपला वाटा किती, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.