क्षयाच्या जंतूचे चाक अडवणारी गोळी

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागते. तिथल्या वस्तीत आम्ही टीबीविषयी बोलायला बसलो, तेव्हा एका आजींनी विचारले, "बाळांनो, गोळी जाते पोटात अन् जंतू असतो छातीत. मग ती त्याला मारते कशी?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचेच उत्तर या पानावर देत आहोत.

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन ही गोळी इतर औषधांबरोबर देतात. ती रक्तातून फुप्फुसातल्या जंतूपर्यंत पोहोचते. जंतूच्या आवरणात अनेक प्रथिने एकमेकांत बसून एक यंत्र तयार झालेले असते. त्याचे चाक फिरते, तेव्हा जंतूला जगण्याची शक्ती मिळते. हे यंत्र केसाच्या जाडीच्या हजारो पट लहान असते; साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाही.

ते दिसले क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीमुळे. प्रथिने असलेल्या पाण्याचा अतिशय पातळ थर बारीक जाळीवर घेतात आणि उणे 180 अंशांच्या आसपास थंड केलेल्या द्रवात क्षणात बुडवतात. बर्फाचे कण धरायला वेळच मिळत नाही. पाणी काचेसारखे थिजते आणि प्रथिन आहे त्या आकारात अडकून राहते. मग इलेक्ट्रॉनच्या झोताने त्याची हजारो-लाखो अंधुक चित्रे घेतात आणि संगणक ती जुळवून पूर्ण आकृती उभी करतो. ही पद्धत घडवणाऱ्या दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना 2017 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी क्षयाच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदात हे यंत्र पाहिले. 2021 साली ते संशोधन 'नेचर'मध्ये छापून आले. बेडाक्विलिन चाकाच्या खाचांत जाऊन बसते. गाडीच्या चाकाला उटी लावावी तसे चाक अडते. गोळी अमेरिकेत 2012 सालीच मंजूर झाली होती. तिची नेमकी बैठक मात्र नंतर दिसली. नवी, अधिक चांगली औषधे बेतायला हे चित्र उपयोगी पडते.

पण औषध असणे वेगळे आणि ते गरिबाच्या हाती पडणे वेगळे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती टीबीच्या जुन्या इंजेक्शनांमुळे गेली. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह जॉन्सन अँड जॉन्सनच्या पेटंटची मुदत लांबवण्याला 2019 साली हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीची मागणी फेटाळली आणि इतर कंपन्यांना ही गोळी बनवण्याची वाट मोकळी झाली.

आता आपले काम. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणे, यांपैकी काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा 1,000 रुपये मिळतात. बेडाक्विलिनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी चुकवू नका.

बरे वाटले तरी औषध मध्येच सोडू नका. उरलेल्या जंतूंपैकी काहींच्या चाकाची खाच बदललेली असते. तिथे गोळी बसत नाही. तेच वाढले, तर घरातल्या दुसऱ्याला होणारा टीबी या गोळीलाही जुमानत नाही.

हे ऐकून आजी म्हणाल्या, "म्हणजे चाक पुरतं थांबेस्तोवर उटी काढायची न्हाई." आम्हाला इतक्या थोडक्यात सांगता आले नसते.