गाणारा काउबॉय

गाणाऱ्या काउबॉयचे नाव काढले की शहाणी माणसे हसतात. एका हाती गिटार, दुसऱ्या हाती पिस्तूल, आणि तासाभरात दुष्टांचा निकाल! हसू आम्हालाही येते. पण हे चित्रपट कोणासाठी निघाले, ते पाहावे.

अमेरिकेत १९२९ नंतर मंदी आली. पाठोपाठ अवर्षणाने शेतांची धूळ झाली. १९३५ साली जीन ऑट्री, रेल्वेतला जुना तारबाबू, 'टंबलिंग टंबलवीड्स'चा गाणारा नायक झाला. लहान गावांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे मोबदल्यावरून त्याने काम थांबवले, तेव्हा कंपनीने दुसरा गायक उभा केला. ही रीत आम्हा कामगारांना चांगली ठाऊक आहे!

हा दुसरा म्हणजे रॉय रॉजर्स. तोही बुटांच्या कारखान्यात राबलेला, मजुरीने फळे तोडलेला. १९३८ च्या 'अंडर वेस्टर्न स्टार्स'मध्ये तो पाणी अडवणाऱ्या कंपनीविरुद्ध उभा राहतो आणि दुष्काळी शेतकऱ्यांसाठी संसदेत निवडून जातो.

१९५० नंतर टेलिव्हिजनने ही चित्रे मागे सारली. त्यांची ओढ मात्र उरली. एकट्या घोडेस्वाराने न्याय मिळत नाही, त्याला संघटना लागते, हे आम्ही जन्मभर सांगत आलो. पण न्यायाची तहान आधी लागावी लागते. ती या गाण्यांनी जागती ठेवली.