रंग काही लहान होत नाही

खऱ्या मोटारीच्या पत्र्यावर अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे आवरण असते. तळहातावर मावणाऱ्या १:६४ प्रमाणातल्या गाडीवर तेवढ्याच जाडीचा रंग चढवला, तर त्या गाडीच्या हिशेबाने तो सहा मिलिमीटरहून जाड होतो. दारांच्या फटी बुजतात, बोनेटच्या कडा गोल होतात, नंबरप्लेटवरचा उठाव गडप होतो. मोटारी आणि ट्रक यांची छोटी मॉडेल बांधणाऱ्या, रंगवणाऱ्या आणि आपल्या मनासारखी बदलणाऱ्या हौशी मंडळींचा निम्मा जीव या एका अडचणीत अडकलेला असतो. गाडी लहान करता येते. रंग, धूळ आणि पाहणाऱ्याचा डोळा मात्र आहे तेवढाच राहतो.

हिशेब वरवर सोपा आहे. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या लांबी, रुंदी आणि उंचीचा चोविसावा भाग. ट्रकचे एक मीटर व्यासाचे चाक इथे ४२ मिलिमीटरचे होते. घनफळ मात्र तिन्ही दिशांनी घटते. १:६४ मध्ये ते अडीच लाखांहून मोठ्या आकड्याने भागले जाते, त्यामुळे हजार किलोची मोटार त्या प्रमाणात चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. दुकानात मिळणारी धातूची गाडी यापेक्षा कितीतरी जड असते, कारण पत्र्याला प्रमाण लावता येत नाही. ०.८ मिलिमीटरचा पत्रा ६४ने भागला, तर तो वहीच्या कागदाहूनही कितीतरी पातळ होईल, आणि वितळलेला धातू साच्यात इतका पातळ पसरत नाही. म्हणून पत्रा मिलिमीटरभर जाड ठेवतात. प्रमाणात मोजला, तर तो रणगाड्याला शोभेल असा निघतो. मुरलेला कारागीर म्हणूनच चाकावरच्या मडगार्डची कड आतून घासून पातळ करतो. बाहेरून फक्त कड दिसते, आणि ती पातळ असली की सगळा पत्रा पातळ भासतो.

ही प्रमाणे कुणी एकत्र बसून ठरवलेली नाहीत. लिव्हरपूलमध्ये फ्रँक हॉर्नबी यांची मेकॅनो कंपनी खेळण्यातल्या आगगाड्या बनवत असे. ब्रिटनमधल्या ‘ओ’ गेजच्या आगगाडीत एका फुटाला सात मिलिमीटर धरत, म्हणजे प्रमाण जवळपास १:४३. त्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला केलेल्या मोटारी १९३४पासून ‘डिंकी टॉइज’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १:४३ हे संग्राहकांचे आवडते माप ठरले.

लंडनच्या लेस्नी कंपनीची कथा वेगळी. जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची परवानगी होती. तिच्यासाठी त्यांनी एक छोटा रोडरोलर घडवला आणि १९५३मध्ये ‘मॅचबॉक्स’ बाजारात आली. इथे डबी आधी ठरली आणि गाडी नंतर तिच्यात बसवली. त्यामुळे बस, ट्रॅक्टर आणि मोटार जवळपास एकाच लांबीच्या, पण प्रत्येकाचे प्रमाण निराळे.

अमेरिकेत प्लास्टिकच्या किटचे माप १:२५ झाले. मोटार कंपन्या आपल्या विक्रेत्यांना नव्या गाड्यांची छोटी मॉडेल देत, आणि ती बनवणाऱ्यांपैकी एक होती मिशिगनची एएमटी. याच कंपनीने १९५८मध्ये ‘तीन प्रकारे बांधा’ अशी किट काढली. एकाच खोक्यातल्या भागांतून कारखान्यातून निघते तशी, हौसेने सजवलेली किंवा शर्यतीची, यांपैकी हवी ती गाडी जोडता येई. म्हणजे गाडीत मनासारखा बदल करायचे आमंत्रण खोक्यातच होते. १९६८मध्ये मॅटेल कंपनीच्या इलियट हँडलर यांनी ‘हॉट व्हील्स’ आणली. तिच्या पहिल्या सोळा गाड्यांच्या रचनेसाठी जनरल मोटर्समध्ये काम केलेल्या हॅरी ब्रॅडली यांना बोलावले होते. कॅलिफोर्नियात रस्त्यावर दिसणाऱ्या, मागची चाके रुंद केलेल्या, झगझगीत रंगवलेल्या मोटारी त्यांनी या खेळण्यांत उतरवल्या. त्याच वर्षी मोनोग्रॅम कंपनीने टॉम डॅनियल यांनी कल्पिलेली, जर्मन शिरस्त्राणाच्या आकाराचे छप्पर असलेली ‘रेड बॅरन’ किटमधून विकली. ही गाडी आधी प्लास्टिकमध्ये जन्मली, आणि खरी, चालणारी मोटार तिच्यावरून नंतर बांधली गेली.

आता कामाकडे वळू. धातूच्या छोट्या गाडीच्या तळाशी बहुधा दोन रिव्हेट असतात. त्यांची डोकी ड्रिलने अलगद काढली की तळ, काचा, सीट आणि सांगाडा सुटे होतात. उरलेल्या खुंटीत १.६ मिलिमीटरचे भोक पाडून आटे काढले, की दोन मिलिमीटरचा स्क्रू बसतो. सांगाडा जस्ताचा असतो. त्या मिश्रधातूत सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि थोडे तांबे व मॅग्नेशियम असते. रंग उतरवायला हार्डवेअरच्या दुकानातला पेंट रिमूव्हर चालतो, पण हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून. कॉस्टिक सोडा मात्र वापरू नये, तो रंगाबरोबर जस्तही खातो. प्लास्टिकच्या सांगाड्याला थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावला, तर प्लास्टिकच विरघळते. तिथे आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवून बघावे, तेही आधी आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर.

सांगाडा उघडा झाला की साच्याची रेघ कानस आणि पॉलिश पेपरने घालवायची, खड्डे लांबीने भरायचे आणि साबणाने धुवायचे. बोटाचे तेल राहिले तर रंग धरत नाही. मग अस्तर. राखाडी अस्तर दोष दाखवायला उत्तम, पण लाल किंवा पिवळा रंग त्यावर मळकट उठतो. तिथे अस्तर पांढरे किंवा फिकट गुलाबी हवे.

त्यानंतर रंगाचे हात. हे काम एअरब्रशचे. त्याच्या ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या तोंडातून पातळ केलेला रंग धुक्यासारखा पडतो आणि प्रत्येक हात जेमतेम झाकेल इतकाच चढतो. लॅकरवर एनॅमल चालतो. उलट केले, तर लॅकरचा तीव्र थिनर खालच्या एनॅमलला सुरकुत्या पाडतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक संकट असते. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि लॅकरवर पांढरट साय धरते. म्हणून कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे महिने जोडकामाचे, रंगाचे नव्हेत. कणाकणाने चमकणाऱ्या मेटॅलिक रंगाचीही पंचाईत असते. गॅरेजमधला मोटारीचा रंग आणून मारला, तर त्यातली चमकी छोट्या गाडीवर टिकल्या चिकटवल्यासारखी दिसते. बारीक वाटलेली चमकीच घ्यावी लागते.

इथून पुढे मापाशी जाणूनबुजून बेइमानी सुरू होते. दाराची फट खऱ्या गाडीत चार मिलिमीटरची असते, १:२४ला ती ०.१७ मिलिमीटर होईल. तेवढी बारीक रेघ नजरेला जाणवत नाही, म्हणून साच्यातच ती थोडी रुंद आणि खोल ठेवतात. तिच्यात पातळ केलेला गडद रंग टोकदार ब्रशने टेकवला, की तो केशाकर्षणाने फटीभर पळतो. ठार काळा रंगही छोट्या गाडीवर जड वाटतो. त्यात थेंबभर पांढरा मिसळला की गाडी जरा दुरून पाहिल्यासारखी, म्हणजेच मोठी भासते. खिडक्यांच्या क्रोमच्या पट्ट्या रंगवण्यापेक्षा मागे डिंक असलेला अतिपातळ धातूचा वर्ख चिकटवतात, टूथपिकने घासून बसवतात आणि नव्या ब्लेडने कापतात.

ट्रकची गोष्ट मोटारीपेक्षा रंगतदार, कारण ट्रक कामाचा असतो आणि काम अंगावर दिसते. टायरच्या कडेची सुकी माती, हौदाच्या तळाचे ओरखडे, सायलेन्सरवरचा गंज हे सगळे रंगाने आणि खडूच्या भुकटीने करतात. कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग ओढला, की झिजलेल्या कडा उठून दिसतात. जपानमध्ये दिव्यांनी आणि चित्रांनी मढवलेल्या ‘देकोतोरा’ ट्रकांची १९७५च्या ‘तोराक्कु यारो’ या चित्रपटानंतर लाट आली आणि शिझुओकाच्या आओशिमा कंपनीने त्यांचीही किट काढली.

आपली एसटी मात्र या मोठ्या कंपन्यांच्या खोक्यांत सापडत नाही. म्हणून राज्यातले एसटीप्रेमी ती मुळापासून बांधतात. सनबोर्ड किंवा पुठ्ठा कापून सांगाडा, पारदर्शक शीटच्या खिडक्या, तारेचा टपावरचा कठडा. अकरा मीटरची बस १:२४ने केली तर ४६ सेंटिमीटर होते, म्हणजे तपशिलाला जागा भरपूर. पत्र्यावरच्या रिव्हेटच्या रांगा, आगाराचे नाव, मार्गाची पाटी, दाराजवळ उडालेला रंग यांतून ‘एक एसटी’ न राहता ती अमुक आगाराची अमुक गाडी होते. किट नसल्याचा हा फायदा. प्रत्येक माप आणि प्रत्येक बेइमानी बांधणाऱ्याला स्वतः ठरवावी लागते.

शेवटी एक प्रश्न उरतो, कोणत्या गाडीला हात लावावा? डिंकीचे काही जुने साचे पुढे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघाल्या. अशा गाड्यांचे मोल मूळ रंगात आणि मूळ खोक्यात असते. टवके उडाले असले तरी तो रंग त्या काळाचा पुरावा आहे, तो खरवडू नये. युद्धापूर्वीच्या काही गाड्यांच्या जस्तात शिशाचा अंश गेल्याने त्या आतून तडकून भुगा होतात. त्यावर इलाज नाही, आणि ड्रिल तर मुळीच नाही. लाखोंनी निघणाऱ्या आजच्या गाड्यांना मात्र हे बंधन नाही. घरातल्या मुलाने खेळून टवके पाडलेली गाडी शिकायला सगळ्यांत चांगली. तिला चिकटवू नका, स्क्रूच बसवा. रंग जाड बसला तर गाडी पुन्हा खोलता येते, रंग उतरवता येतो आणि पुढचा हात आणखी पातळ मारता येतो.