घोडी गाभण आहे? गाईच्या गव्हाणीतलं तिला घालू नका



दत्त जयंतीची सारंगखेड्याची यात्रा उरकली. कुणी तिथून नवी घोडी आणली असेल, कुणाच्या दारात आधीपासूनच असेल. वरातीसाठी असो, शर्यतीसाठी असो नाहीतर हौसेखातर, तिच्या पोटात शिंगरू असेल तर आजचा संदेश शेवटपर्यंत वाचा. थोडा मोठा आहे, पण कामाचा आहे.

आपल्याकडे गाय-म्हैस सांभाळायचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा. म्हणून घोडी आली की तिलाही त्याच गव्हाणीवर बांधतो आणि तेच खाद्य घालतो. चूक इथेच होते. गाय रवंथ करते, तिला चार कप्प्यांचं पोट आहे. घोडीचं जठर एकच आणि शरीराच्या मानाने लहान. चुकीचं काही पोटात गेलं तर तिला ओकूनही टाकता येत नाही.

*आधी दिवस मोजा*

घोडी साधारण ११ महिने गाभण राहते. घोडा दाखवल्याची तारीख माहीत असेल तर त्यात ३४० दिवस मिळवा. दोन-तीन आठवडे मागेपुढे होऊ शकतं. यात्रेतून आणलेल्या घोडीची तारीख नक्की नसेल तर पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.

पहिले ८ महिने घोडीला चांगला चारा, पाणी, मीठ आणि खनिज मिश्रण मिळालं की बहुतेक भागतं. खरी वाढ शेवटच्या ३ महिन्यांत होते. शिंगराचं निम्म्याहून जास्त वजन याच काळात भरतं. घोडीच्या दुधात तांबं फार कमी असतं, म्हणून शिंगरू ते पोटात असतानाच आपल्या यकृतात साठवून घेतं. या ३ महिन्यांत खनिजं कमी पडली तर पुढे हाडं-सांधे कच्चे राहण्याचा धोका असतो.

*या पाच गोष्टी टाळा*

❌ *गाई-म्हशींचं आणि कोंबड्यांचं खाद्य.* काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन किंवा त्याच जातीची औषधं मिसळलेली असतात. गाईला जेवढं सहज पचतं, त्याच्या कितीतरी कमी प्रमाणात घोडं दगावतं. हृदयाचे स्नायू निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. आपल्या केंद्रावरून तुम्ही नेता ते पशुखाद्यसुद्धा गाई-म्हशींसाठीच आहे. ते घोडीला घालू नका, हे आम्हीच सांगतोय. खाद्याची पोती घोडीचं तोंड पोचेल तिथे ठेवू नका.

❌ *हिरवी ज्वारी आणि सुदान गवत.* सध्या शेतात दादर उभी आहे. बांधाला घोडी बांधली की ती ताटावर तोंड टाकणारच. हिरव्या ज्वारीतल्या विषारी घटकांमुळे घोडीचं मूत्राशय बिघडतं, मागचे पाय लटपटतात, गर्भ पडू शकतो, नाहीतर शिंगरू आखडलेल्या सांध्यांचं जन्मतं. पूर्ण वाळलेल्या कडब्यात हा धोका फारच कमी असतो.

❌ *बुरशीचा मका आणि काळा पडलेला कडबा.* पावसात भिजलेली कणसं जनावराला घालून संपवू, असं वाटतं. मक्यावरच्या काही बुरशींच्या विषाने घोड्याच्या मेंदूला इजा होते. वास कुबट असेल, दाण्यावर गुलाबी-पांढरी बुरशी दिसत असेल तर तो मका घोडीला अजिबात नको.

❌ *नुसतं नेपियर, नुसते उसाचे वाढे.* या चाऱ्यांत ऑक्झॅलेट जास्त असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. मग घोडी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम शिंगराला देते, तिची हाडं पोकळ होतात, तोंड सुजल्यासारखं दिसू लागतं.

❌ *घमेलंभर गव्हाचा कोंडा.* कोंडा हलका म्हणून आपण हात सैल सोडतो. पण त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, त्यामुळे नुकसान वरच्यासारखंच. दिवसाला पाव किलोच्या आत ठेवा.

*मग घालायचं काय?*

आधी वजनाचा अंदाज घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्या.

👉 घेर × घेर × लांबी ÷ ११,९०० = वजन किलोत

उदाहरणार्थ घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन साधारण ३४३ किलो येतं. वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडं खाद्य रोज लागतं, म्हणजे या घोडीला साधारण ७ किलो. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत ते असं विभागा:

✅ वाळलेलं गवत आणि पानांचा स्वच्छ कडबा मिळून ४ किलो
✅ वाळलेला लसूणघास १ ते सव्वा किलो (हिरवा असेल तर ५-६ किलो, थोडा सुकवून)
✅ दाणा दीड किलो. त्यात भरडलेला जव किंवा ओट १ किलो, भिजवलेला हरभरा ३०० ग्रॅम, सोयाबीन पेंड २०० ग्रॅम. कच्चं सोयाबीन घालू नका.
✅ मीठ ३० ग्रॅम, आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणात खनिज मिश्रण

लसूणघासाचं कॅल्शियम आणि सोयाबीन पेंडीची प्रथिनं शिंगराच्या वाढीला उपयोगी पडतात. दाणा एका वेळी घालू नका, तीन वेळा अर्धा-अर्धा किलो द्या. शेवटच्या आठवड्यांत शिंगरू आतड्यांना रेटतं, घोडीला एका बैठकीत पोटभर खाता येत नाही. थोडं-थोडं पण वारंवार द्या. पाणी दिवसभर समोर हवं. पाणी कमी आणि कडबा जाड, म्हणजे पोटशूळाला आमंत्रण.

*यात्रेतून आणलेली असेल तर*

विकणाऱ्याला ती काय खात होती ते विचारलंच असेल. नसेल तर अजून फोन करा. जुनं खाद्य एकदम बंद करू नका. रोज थोडं नवं वाढवत, थोडं जुनं कमी करत १० दिवसांत बदल करा.

आणि ती जिथे विणार आहे तिथे निदान महिनाभर आधी आणून बांधा. शिंगराला रोगप्रतिकारशक्ती पोटात मिळत नाही, ती चिकातून मिळते. तुमच्या गोठ्यातल्या रोगजंतूंशी लढायची ताकद चिकात यायला घोडीला तिथे काही आठवडे राहावं लागतं. धनुर्वाताची लस विण्याआधी ४ ते ६ आठवड्यांनी द्यायची असते, ती पशुवैद्यकाला विचारून टोचून घ्या.

*तब्येत हाताने बघा*

पोटाच्या घेराने फसू नका. बरगडीवर हात फिरवा. बरगड्या दिसू नयेत, पण बोटाला लागाव्यात. दिसत असतील तर दाणा हळूहळू वाढवा. हाताला लागतच नसतील तर दाणा कमी करा, पण तिला उपाशी ठेवू नका. गाभण घोडीला, त्यातही जाड घोडीला, उपास घडला की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बिघडतं. तिने एक दिवस जरी खाणं सोडलं तरी उद्याची वाट बघू नका.

*विण्याच्या वेळी*

कास भरायला लागते २ ते ४ आठवडे आधी. सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब दिसले की एक-दोन दिवसांत विण्याचा संभव धरा. बहुतेक घोड्या रात्रीच वितात. चीक आधीच धारेने गळत असेल तर पशुवैद्यकाला कळवा, कारण शिंगराचा वाटा मातीत जातोय.

तीन आकडे पाठ करा:
🕐 १ तासात शिंगरू उभं राहायला हवं
🕑 २ तासांत ते प्यायला हवं
🕒 ३ तासांत वार पडायला हवी

यातलं एकही चुकलं तर लगेच डॉक्टर. वार हाताने ओढू नका. जोर सुरू होऊन पाणी फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर आलं नाही तर एक मिनिटही घालवू नका.

व्यायल्यावर आनंदाने गूळ-बाजरीचं घमेलं पुढे ठेवू नका. आधी पाणी आणि चांगला चारा द्या. दूध वाढेल तसा दाणा ८-१० दिवसांत वाढवत न्या.

आज संध्याकाळी एवढं करा: घोडीची गव्हाण वेगळी करा, दादरीच्या बांधावरून दावं हलवा आणि भिंतीवर विण्याची तारीख लिहून ठेवा. अडचण आली तर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक. ज्याच्या दारात घोडी आहे त्या सभासदाला हा संदेश जरूर पाठवा.

शिंगरू सुखरूप येवो 🐎