बँक म्हणते कोर्टाचा कागद आणा: वारस दाखला, सक्सेशन आणि वसीयत यांचा घोळ

घरात इंतकाल झाला की चाळीस दिवस कुणी कागदाचं नाव काढत नाही. नंतर अब्बांचं पासबुक घेऊन मोठा मुलगा बँकेत जातो आणि तिथून ऐकून येतो, 'कोर्टातून सक्सेशन आणा.' तलाठ्याकडे गेला तर तो म्हणतो वारसाचा अर्ज द्या. कुणी सांगतं तहसीलचा दाखला चालतो, कुणी सांगतं प्रोबेट लागेल. इस्लापूरहून किनवटच्या चकरा सुरू होतात आणि दोन-तीन महिन्यांनी कळतं की काढलेला कागद वेगळाच होता.

आधी प्रोबेटचं बघू, कारण आपल्याला त्याची गरज जवळजवळ पडतच नाही. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाने मारलेली मोहोर. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात काही समाजांसाठी आणि मुंबईसारख्या शहरांसाठी प्रोबेट सक्तीचं ठेवलं होतं. मुसलमानाच्या वसीयतीला ती सक्ती तेव्हाही नव्हती. वसीयत तोंडी असली तरी शरीयतमध्ये चालते, पण तोंडी वसीयत कोर्टात सिद्ध करताना घाम फुटतो. म्हणून ती लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवावी. आणि हेही लक्षात असू द्या की कफन-दफन आणि कर्ज वजा जाता जे उरतं त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त वसीयत करता येत नाही. सुन्नी घरांत जो आधीच वारस आहे त्याच्या नावाने वसीयत केली, तर बाकीच्या वारसांची मंजुरी लागते. 'अब्बांनी सगळं घर धाकट्याच्या नावे लिहून दिलंय' असा कागद पुष्कळ घरांत निघतो. बाकीचे राजी नसतील तर तो टिकत नाही.

वसीयतीचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे आणि तिथे आपण ती करत नाही. बापाच्या हयातीत एक मुलगा वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असला, तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या जायदादीत हिस्सा येत नाही. आजोबांनी त्या यतीम नातवंडांसाठी एक तृतीयांशाच्या आत वसीयत लिहून ठेवली तर त्यांचं भागतं. अशी घरं गावात आहेत. बड्या-बुजुर्गांशी हे बोलायला लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही.

आता कोर्टाचे कागद. ते दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, हे फक्त पैशांसाठी: बँकेतली ठेव, शेअर, लोकांकडून येणं असलेली रक्कम. शेत आणि घर त्यात येत नाही. दुसरा कागद वारस प्रमाणपत्र. ते १८२७ च्या मुंबई नियम क्रमांक ८ खाली मिळतं. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा कंपनी सरकारचा नियम, पण आजही चालतो. त्यातून मयताचे कायदेशीर वारस कोण ते कोर्ट ठरवून देतं. तहसील किंवा तलाठ्याचा दाखला या दोन्हींची जागा घेत नाही. तो पेन्शन, अनुदान अशा कामांपुरता ठीक.

बँकेच्या प्रत्येक खात्याला कोर्ट लागतंच असं मात्र नाही. खात्यावर नॉमिनी असेल तर बँकेने मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख पाहून पैसे द्यायचे असतात. नॉमिनी नसेल आणि वारसांत भांडण नसेल, तर ठराविक रकमेपर्यंत हमीपत्रावर काम होतं. रिझर्व बँकेने २०२५ च्या निर्देशात ही मर्यादा सहकारी बँकांसाठी ५ लाख आणि इतर बँकांसाठी १५ लाख रुपये धरली आहे, आणि कागद पूर्ण मिळाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायला सांगितलं आहे. तेव्हा अडीच लाखांसाठी 'सक्सेशन आणा' ऐकलं तर लगेच वकील गाठू नका. मॅनेजरसाहेबांना नियम विचारा, आणि नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बरंच काम सोपं होतं.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो फक्त पैसे हातात घेणारा अमानतदार. त्याने ते शरीयतच्या हिश्शांप्रमाणे सगळ्यांना द्यायचे आहेत. विमा पॉलिसीबद्दल सुप्रीम कोर्टाने हे १९८३ मध्ये सांगितलं आणि शेअरच्या नॉमिनीबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये. मोठ्या भावाचं नाव नॉमिनीत होतं म्हणून पैसे त्याचे, हा समज चुकीचा आहे.

हिसाब असा पाहा. मयताच्या मागे बीवी, दोन मुलगे, एक मुलगी आहे आणि वाटायला ८ लाख आहेत. बीवीचा आठवा हिस्सा, १ लाख. उरलेल्या ७ लाखांचे पाच भाग, दोन-दोन मुलांना आणि एक मुलीला. प्रत्येक मुलाला २ लाख ८० हजार, मुलीला १ लाख ४० हजार. मयताची आई हयात असली तर तिचा सहावा हिस्सा आधी निघतो आणि मुलांचे आकडे कमी होतात. पण या सगळ्याच्याही आधी कर्ज फेडायचं असतं, आणि न दिलेला मेहर हे कर्जच आहे. निकाहनाम्यात मेहर लिहिलेला असतो आणि तरका वाटताना त्याचं नावही निघत नाही. अम्मीच्या हातात तो निकाहनामा असायला हवा, पेटीच्या तळाशी नव्हे.

शेताचं काम कोर्टापासून सुरू होत नाही. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही देता येतो. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार पडतो, नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि सात-बारावर नावं चढतात. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव लावायचं.

घोळ होतो तो इथेच. अर्जात वारसांची यादी घरचेच लिहून देतात, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव त्यात येत नाही. सूरह निसाच्या ११ व्या आयतीत जिचा हिस्सा आहे, तिचं नाव शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर गाळायचं ही बाब मला पटत नाही. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर तो तिच्या मर्जीने, नोंदणी केलेल्या हक्कसोड पत्राने. साध्या कागदावरचा अंगठा चालत नाही. आणि जिचं नाव गाळलं तिने घाबरायचं कारण नाही. फेरफार मालकी ठरवत नाही, तो महसुलाची नोंद आहे. त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होतं आणि हिश्शासाठी दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा होतो. सक्सेशनच्या अर्जातही वारस लपवला तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं आणि खोटं लिहिणाऱ्यावर गुन्हाही होतो.

कोर्टात जायचंच ठरलं तर अर्जात मृत्यूची तारीख, मयत कुठे राहायचे, सगळे नातेवाईक पत्त्यांसह, आणि कोणत्या रकमेसाठी प्रमाणपत्र हवं ते लिहावं लागतं. मयत जिथे राहत होते त्या भागाच्या कोर्टात अर्ज चालतो. किनवटला द्यायचा की नांदेडला, हे पुढे सरकण्याआधी वकिलाकडून पक्कं करून घ्या. कोर्ट वारसांना नोटीस काढतं, पेपरात जाहीर प्रगटन देतं, कुणी हरकत घेतली नाही तर पुरावा घेऊन हुकूम देतं. कोर्ट फी रकमेवर असते. भाऊ-बहीण एकमताने ना-हरकत देत असतील तर काही महिन्यांत होतं, भांडण असेल तर वर्षं जातात.

सर्वात जास्त वेळ खातात नावं. आमच्या शाळेच्या दाखल्यात 'शेख महेबूब शेख इमाम', आधारवर 'महेबूब इमाम शेख', पासबुकात 'मेहबूब'. माणूस एक, कागदावर तीन. अर्ज देण्याआधी ही नावं एकत्र लावून बघा आणि फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर खर्च नाही. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो, आणि हल्ली त्याची चौकशी कडक झाली आहे.

लेकरं लहान असतील तर आणखी एक अडचण येते. आई त्यांना सांभाळते, पण मुस्लिम कायद्याप्रमाणे ती त्यांच्या जायदादीची आपोआप पालक होत नाही. बाप आणि दादा दोघेही नसतील आणि लेकरांचा शेतातला हिस्सा विकायचा असेल, तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून नेमणूक आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते. त्याशिवाय झालेली विक्री लेकरांवर बंधनकारक राहत नाही. घेणारा फसतो आणि विकणारीही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अशी आई घरीच बसते. तिला हे माहीत हवं की १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. किनवटच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा. सोबत आधार, मृत्यूचा दाखला आणि निकाहनाम्याची प्रत न्यावी. केस दाखल झाल्यावर मिळणारा सीएनआर नंबर जपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते, त्यासाठी किनवटची बस धरावी लागत नाही.