पाळीव कुत्र्याने रात्री झोपावे कुठे?

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गास, आगाशी यांसारख्या गावांच्या केळीच्या, फुलांच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्यांमध्ये, पाळलेल्या कुत्र्याची रात्रीची जागा मुद्दाम कोणी ठरवीत नसे. तो ओट्यावर किंवा पडवीत पडे, वाडीची राखण करी आणि सकाळ झाली की मागील दाराशी येऊन उभा राही. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तोवर नालासोपारा आणि विरार येथील लोकवस्तीचा मोठा भाग ‘वन रूम किचन’च्या इमारतींत राहू लागला होता. या घरांत कुत्रा आला, परंतु ओटा आणि पडवी आली नाही, आणि त्यामुळेच त्याने गॅलरीत झोपावे, स्वयंपाकघरात झोपावे की माणसांच्या अंथरुणात, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर बहुतेक घरांत हौस किंवा किळस यांपैकी एका भावनेने दिले जाते. वास्तविक ते कुत्र्याच्या शरीररचनेत आणि घराच्या हवेत शोधावयास हवे.

कुत्र्याची झोप माणसाप्रमाणे सलग नसते, तर रात्रभर तुकड्यातुकड्यांनी चालते, आणि अशा झोपेला ‘बहुखंडी निद्रा’ म्हणता येईल. अॅडम्स आणि जॉन्सन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार कुत्रा सरासरी सोळा मिनिटे झोपतो, पाच मिनिटे जागा असतो आणि आठ तासांच्या रात्रीत अशी सुमारे तेवीस आवर्तने पूर्ण करतो. राखण करण्यासाठी कुत्र्याला घराबाहेरच ठेवले पाहिजे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही, कारण तो दाराच्या आत झोपला तरी रात्रीतून वीसेक वेळा आपोआप जागा होतो, आणि माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येत असताना कुत्र्याच्या कानाची मर्यादा त्याच्या दुपटीहून अधिक असल्याने फाटकाची कडी वाजलेली त्याला आतूनही कळते. तुकड्यांची असली तरी या झोपेला स्वतःची रचना असते. बुडापेस्ट येथील एऑटव्हॉश लोरांद विद्यापीठातील संशोधकांनी कुत्र्यांच्या डोक्यावर वरवर चिकटवलेल्या विद्युतअग्रांनी मेंदूतील लहरी नोंदवल्या आणि २०१७ मध्ये असे दाखवून दिले की, झोपेपूर्वी माणसाकडून मिळालेली वागणूक प्रेमाची होती की तुटकपणाची, यानुसार झोपेच्या टप्प्यांचे प्रमाण बदलते. रात्री दटावून गॅलरीत ढकललेला कुत्रा लगेच गप्प झाला, म्हणजे त्याला स्वस्थ झोप लागली, असे समजण्याचे कारण नाही.

माणसाच्या झोपेवर होणारा परिणाम अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१७ सालच्या अभ्यासात मोजला गेला. अंथरुणात काढलेल्या एकूण वेळापैकी प्रत्यक्ष झोपेत गेलेल्या वेळेला ‘निद्रा-कार्यक्षमता’ म्हणतात. चाळीस प्रौढ व्यक्तींच्या सात रात्रींच्या नोंदींत कुत्रा खोलीत, परंतु पलंगाखाली किंवा अन्यत्र असताना ती ८३ टक्के आणि तो पलंगावर असताना ८० टक्के भरली. फरक लहान आहे, आणि तो तसाच्या तसा नालासोपाऱ्याला लावता येत नाही, कारण तेथील अनेक घरांत पलंगच नसतो. रात्री गाद्या घातल्या की जमीन हेच सर्वांचे अंथरूण होते आणि कुत्रा निराळा झोपला तरी उशापासून हातभर अंतरावरच असतो. शिवाय घरातील कोणी पहाटेची लोकल पकडण्यासाठी उठतो, तर कोणी मध्यरात्री पाळी संपवून परततो. अशा घरात झोपमोड करणाऱ्यांच्या यादीत कुत्र्याचा क्रमांक बराच खाली लागेल.

या किनाऱ्यावर जागा ठरवताना सर्वांत अधिक महत्त्व द्यावयास हवे ते दमट उष्म्याला. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि घामाच्या उपयुक्त ग्रंथी त्याच्या पंजांच्या गाद्यांपुरत्याच असल्यामुळे तो धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि श्वासनलिका यांतील ओलाव्याचे बाष्प करून, उष्णता बाहेर टाकतो. मे आणि ऑक्टोबरमधील रात्री हवाच बाष्पाने भरलेली असते तेव्हा ही क्रिया मंदावते. पंख्याचाही कुत्र्याला माणसाइतका उपयोग होत नाही, कारण पंखा प्रामुख्याने त्वचेवरचा घाम वाळवून गारवा देतो आणि कुत्र्याच्या केसाळ त्वचेवर वाळण्याजोगा घाम नसतो. त्याला खरा गारवा मिळतो तो फरशीकडून: पोटावरचे केस विरळ असल्याने मागचे पाय लांब पसरून, पोट लादीला टेकवून पडलेला कुत्रा शरीरातील उष्णता थेट दगडाला देत असतो. पुढ्यात अंथरलेली मऊ गादी सोडून तो मोरीच्या उंबऱ्याशी जाऊन पडला तर ते त्याचे नखरे नसतात. उलट डिसेंबरच्या गार पहाटे तो अंगाचे वेटोळे करतो आणि नाक शेपटीखाली खुपसतो, तेव्हा त्याला गोधडी हवी असते. म्हणून गादी आणि उघडी फरशी या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी मिळतील अशी जागा उत्तम होय, आणि कोणती केव्हा वापरावी हे त्याच्यावर सोपवावे. दिवसभर पश्चिमेच्या उन्हात तापलेली आणि पत्र्याने झाकलेली गॅलरी या कसोटीला अजिबात उतरत नाही. सायबेरियाच्या थंडीसाठी दुहेरी केसांचे आवरण घेऊन आलेला हस्की विरारमध्ये पाळणाऱ्यांनी हा प्रश्न कुत्रा निवडतानाच चुकवलेला असतो. रात्रभर वातानुकूलन यंत्र चालवणे हा त्यावरचा महागडा उतारा आहे.

बाहेर झोपणाऱ्या कुत्र्याला दुसरा उपद्रव डासांचा. हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या ‘हृदयकृमी’ या जंताच्या अळ्या डासांच्या चाव्यातूनच कुत्र्याच्या शरीरात शिरतात, आणि वसईत डासांची वानवा कधीच नसते; त्याबद्दल जुन्या बावखलांना, म्हणजे वाड्यांमधील गोड्या पाण्याच्या तळ्यांना, दोष दिला जातो, परंतु तुंबलेल्या गटारांचा वाटा त्यात मोठा असावा. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भर पडते. जुलै २०१८ प्रमाणे सखल भागांत पाणी साचून राहते तेव्हा ओल्या अंगणात झोपलेला कुत्रा स्वतः आजारी पडू शकतो, शिवाय त्याच्या मूत्रातून हे जिवाणू घरातल्या माणसांपर्यंतही पोहोचू शकतात. गोचीड मात्र घरात आणि बाहेर असा भेद करीत नाही. तिची मादी भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून कुत्र्याचे अंथरूण गरम पाण्यात धुता येईल आणि कडक उन्हात वाळवता येईल असे असावे, आणि ते भिंतीला चिकटवून न घालता थोडे पुढे घ्यावे.

पूर्वेकडच्या डोंगरपायथ्याच्या पाड्यांना कुत्रा रात्री घरात घेण्यासाठी आणखी एक कारण पुरेसे आहे. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये घोषित झाले आणि त्याच्या दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा खाडीअलीकडचा नागला विभाग आहे. या जंगलांत बिबट्याचा वावर आहे. वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर) अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचे पृथक्करण करून २०१४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की, तेथील बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये वसई किल्ल्याच्या परिसरात फिरणारा बिबट्या वनविभागाने पिंजऱ्यात पकडला, तेव्हा ही चिंता केवळ डोंगरपायथ्यापुरती नाही हेही दिसून आले. बाहेर साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. आखूड किंवा जड साखळीने जनावराला गैरवाजवी काळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार अपराध आहे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हाही त्याच कलमातला अपराध आहे, याची माहिती फार थोड्या मालकांना असते.

घरात घ्यावयाचे ठरल्यावरही सर्व कुत्र्यांना एकच नियम लागू पडत नाही. आईच्या कुशीतून आलेले दोन महिन्यांचे पिल्लू पहिल्या रात्री रडते ते एकटेपणामुळे. त्याचे खोके माणसाच्या हाताच्या अंतरावर ठेवून पुढे काही आठवड्यांत हळूहळू दूर सरकवावे. म्हाताऱ्या कुत्र्याला गुळगुळीत लाद्यांवरून उठताना पाय सरकण्याची भीती असते आणि कठीण जमिनीवर सतत झोपल्याने कोपराशी घट्टे पडतात किंवा पाणी भरून सूज येते, म्हणून त्याला जाड बिछाना द्यावा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचे घोरणे मात्र कौतुकाचा विषय होऊ नये. इंग्लिश बुलडॉगमध्ये झोपेत श्वास अडखळून रक्तातील प्राणवायू घटतो हे १९८७ मध्येच नोंदले गेले आहे. असा कुत्रा खोलीत जेथे हवा सर्वांत मोकळी असेल तेथे झोपला पाहिजे आणि पशुवैद्याला एकदा तरी दाखवला पाहिजे.

लहान मूल, गर्भवती स्त्री किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेला रुग्ण घरात असेल तर जंतनाशक, गोचीडनाशक आणि रेबीजची लस वेळच्या वेळी देऊनही कुत्रा त्यांच्या अंथरुणात घेऊ नये. गाढ झोपेत कोणाचा पाय पडला तर स्वभावाने शांत असलेला कुत्राही दचकून चावू शकतो, आणि एका खोलीच्या घरात रात्री मोरीकडे जाणारी वाट एकच असते. त्या वाटेवर, गॅसच्या सिलिंडरपाशी आणि दाराच्या झापेत त्याचे अंथरूण नसावे. उरतो तो खोलीचा एखादा कोपरा, जेथून माणसे दिसतात, खिडकीची हवा येते आणि फरशीचा हातभर पट्टा उघडा राहतो. पिल्लू आणण्यापूर्वी घरातल्यांनी रात्री सर्व गाद्या घालून असा कोपरा शिल्लक राहतो का, हे पाहावे, आणि राहत नसेल तर पिल्लू आणण्याचा बेत पुढे ढकलावा.