स्कोअरबुकाबाहेरचा अर्ल लॉइड

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण, हा वाद गेली चाळीस वर्षं ऐकतोय. कुणी चक कूपरचं नाव घेतो, कारण २५ एप्रिल १९५० रोजी बॉस्टन सेल्टिक्सनं ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, दुसऱ्याच फेरीत त्याला उचललं. कुणी नॅट 'स्वीटवॉटर' क्लिफ्टनचं, कारण न्यूयॉर्क निक्सनं त्याला हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीयांच्या संघाकडून घेऊन करार केला. आणि कुणी अर्ल लॉइडचं, कारण वेळापत्रकात वॉशिंग्टन कॅपिटल्सचा सामना एक दिवस आधी लागला होता. ३१ ऑक्टोबर १९५०, गाव रॉचेस्टर. लॉइडनं सहा गुण केले, कॅपिटल्स हरले. दुसऱ्या दिवशी कूपर उतरला आणि त्याच आठवड्यात क्लिफ्टन. तारखांचं एवढंच आहे. लॉइडनं स्वतः त्या एका दिवसाचं भांडवल कधी केलं नाही. आपण बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन नव्हे, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

माझं भांडण आहे ते वेगळ्याच मंडळींशी. संघमालकांनी मन मोठं केलं आणि दार उघडलं, असं लिहिणारे आजही आहेत. दार उघडलं नाही, ते धडका देऊन खिळखिळं झालं होतं. हार्लेमच्या एका नाचघरात १९२३ साली बॉब डग्लसनं उभा केलेला न्यूयॉर्क रेनेसाँ हा कृष्णवर्णीयांचा संघ १९३९ साली शिकागोच्या व्यावसायिक विश्वस्पर्धेत ऑशकॉशच्या गोऱ्या संघाला ३४-२५ असं हरवून चुकला होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये ग्लोबट्रॉटर्सनी जॉर्ज मायकनच्या गोऱ्या मिनिॲपोलिस लेकर्सना ६१-५९ असं हरवलं, तेही एर्मर रॉबिन्सनच्या अगदी शेवटच्या क्षणीच्या शॉटवर. हे सगळं मालकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते थांबले, कारण ग्लोबट्रॉटर्सच्या खेळांनी त्यांची स्टेडियमं भरत होती आणि कृष्णवर्णीय खेळाडू लीगमध्ये घेऊन त्या संघाचे मालक एब सॅपरस्टीन यांना दुखवायची कुणाची तयारी नव्हती. उदारपणाचा इतिहास लिहिताना हा गल्ल्याचा हिशेबही लिहावा.

लॉइड व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचा. शाळा, बस, बाजार, सगळं वर्णावर वाटलेलं. वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजकडून खेळताना १९४७-४८ च्या मोसमात त्याच्या संघानं तीसच्या तीस सामने जिंकले, आणि तरीही ड्राफ्टमध्ये त्याचं नाव नवव्या फेरीत आलं. कॅपिटल्सकडून जेमतेम सात सामने, मग लष्कराचं बोलावणं. जानेवारी १९५१ मध्ये तो संघच बंद पडला. परत आल्यावर तो सिरॅक्यूज नॅशनल्सकडे गेला आणि माझ्या लेखी खरा लॉइड तिथे सुरू होतो.

तो काय करायचा? शॉट सुटला की पाचातले चार खेळाडू मान वर करून चेंडूकडे बघतात. लॉइड चेंडूकडे बघायचाच नाही. तो आधी आपल्याला अडवायचा माणूस शोधायचा, एक पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये रोवायचा, गर्रकन वळून पाठ त्याच्या छातीला लावायचा, कंबर खाली, कोपरं बाहेर. मग वर बघायचा. तोवर तो माणूस बास्केटपासून दोन हात लांब गेलेला असे. चेंडू कधी लॉइडच्या हातात यायचा, पण पुष्कळदा येऊन पडायचा सहकारी डॉल्फ शेझच्या हातात, आणि स्कोअरबुकात रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू पकडल्याची नोंद, शेझच्या नावावर चढायचा. समोरच्या संघाचा सर्वांत घातक माणूसही रोज लॉइडच्याच वाट्याला. १९५३-५४ च्या मोसमात लीगमध्ये सर्वांत जास्त फाउल त्याचेच होते. हा आकडा काही जण त्याच्याविरुद्ध वापरतात. मी त्याच्या बाजूनं वापरतो. ज्याला रोज आडवं उभं राहायचं काम दिलंय, त्याचे फाउल नाही वाढणार तर कुणाचे?

यातला अन्याय मी झाकणार नाही. त्या पहिल्या पिढीतल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना चेंडू देऊन 'तू बास्केट कर' म्हणणारे प्रशिक्षक फार थोडे होते. रेटारेटी त्यांची, गुण दुसऱ्यांचे. कूपरला हे सलत राहिलं, आणि त्याचं सलणं रास्त होतं. लॉइडनं त्याच कामाची विद्या केली. १९५४-५५ मध्ये, चोवीस सेकंदांत शॉट मारायला लावणाऱ्या घड्याळाच्या पहिल्याच मोसमात, त्याची सरासरी सामन्यामागे १०.२ गुण आणि ७.७ रिबाउंडची होती. १० एप्रिल १९५५ ला सिरॅक्यूजनं फोर्ट वेन पिस्टन्सना सातव्या सामन्यात ९२-९१ असं एका गुणानं हरवलं. लॉइड आणि त्याचा सहकारी जिम टकर हे एनबीएचं विजेतेपद मिळवणारे पहिले दोन कृष्णवर्णीय खेळाडू ठरले.

त्याच फोर्ट वेनची एक जुनी हकिगत मला त्या विजयाहून मोठी वाटते. कॅपिटल्सच्या दिवसांत तिथल्या हॉटेलात लॉइडला खोली मिळाली, पण खालच्या भोजनगृहात बसायला मनाई झाली. ताट खोलीत मागवून तो एकटा बसला होता. दारावर थाप पडली. बाहेर बोन्स मॅकिनी, संघाचा खेळाडू आणि प्रशिक्षक, दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा गोरा माणूस. तो आत आला आणि लॉइडसोबत तिथेच जेवला. कूपरच्या वाट्यालाही असा एक सोबती आला. रॅलेमध्ये त्याला हॉटेलात जागा नाकारली, तेव्हा सेल्टिक्समधला त्याचा गोरा सहकारी बॉब कूझी त्याच्याबरोबर रात्रीच्या गाडीनं निघाला. स्टेशनावर गोऱ्यांसाठी वेगळी आणि काळ्यांसाठी वेगळी अशा स्वच्छतागृहांच्या पाट्या होत्या. त्या पाट्यांखाली दोघं गाडीची वाट बघत उभे होते.

पुढचं भराभर सांगतो. १९५८ ते ६० डेट्रॉइट पिस्टन्सकडे खेळ, मग तिथेच सहायक प्रशिक्षक, १९७१ मध्ये मुख्य प्रशिक्षक, आणि वर्षभरातच गच्छंती. हॉल ऑफ फेममध्ये लॉइडला घेतलं २००३ साली, पंचाहत्तरीत. क्लिफ्टनला २०१४ मध्ये. खेळ संपल्यावर क्लिफ्टन शिकागोत टॅक्सी चालवायचा आणि १९९० मध्येच गेला होता. कूपरला २०१९ मध्ये, मरणानंतर पस्तीस वर्षांनी. इतका उशीर कशासाठी, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मी मुंबईत नागपाड्याच्या सिमेंटच्या कोर्टावर खेळायला शिकलो. तिथे आमचे सर शॉट सुटला की एवढंच ओरडत: "अंग लाव!" चेंडू कुणाला मिळाला हे ते विचारतच नसत, तू कुणाला अडवलंस हे विचारत. आता मी संध्याकाळी पोरांना शिकवतो. पोरं चांगली आहेत, चपळ आहेत, पण येतात ती थेट तीन गुणांच्या रेषेवर उभी राहतात. शॉट मारायचा आणि हात तसाच हवेत ठेवून बघत राहायचं. पालकही मोबाइलवर तेवढाच शॉट टिपतात. आडवं उभं राहण्याची विद्या आमच्या डोळ्यांदेखत चाललीय आणि मला त्याचा त्रास होतो.

गेल्या महिन्यात मी त्यांना लॉइडची गोष्ट सांगितली, हॉटेलातल्या जेवणासकट. दुसऱ्या दिवशी सरावात शॉट सुटला. नऊ माना वर गेल्या. एक बारीक चणीचा मुलगा मात्र वळला, आपल्याहून हातभर उंच पोराच्या छातीला पाठ लावून कंबर खाली घातली आणि चेंडू खाली येईपर्यंत तसाच उभा राहिला. चेंडू दुसऱ्यानंच घेतला. मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि त्याचं नाव मोठ्यानं घेतलं.